मित्राचा उरलेला स्की पास मी वापरला तर काय होईल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रुपमधल्या एकाने सहा दिवसांचा स्की पास, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट वापरायचं तिकीट, काढला, तिसऱ्या दिवशी पडला, गुडघा गेला. आता तीन दिवस शिल्लक आहेत आणि तो म्हणतोय फुकट घालवण्यापेक्षा तू वापर. हेल्मेट, गॉगल, नाकापर्यंत ओढलेला बफ (गळ्यातली कापडी पट्टी), अशा अवतारात कोण ओळखणार? आणि पकडलंच तर फार तर फार काय, दिवसाचं तिकीट काढायला लावतील, एवढंच ना?

नाही, एवढंच नाही. मी आल्प्समध्ये बरेच सीझन आधी लिफ्टवर आणि नंतर पासच्या काउंटरवर काम केलंय, दुसऱ्याचा पास घेऊन आलेली माणसं बाजूला घेणं हे माझं रोजचं काम होतं, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. आधी उत्तर देऊन टाकतो: वापरू नका. दंड वगैरे आहेच, पण तुमच्या केसमध्ये त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे जी तुमच्या मित्राला बहुतेक माहीतच नाहीये. त्या उरलेल्या तीन दिवसांचे पैसे त्याला परत मिळण्याची चांगली शक्यता आहे, आणि तुम्ही तो पास एकदा जरी गेटमधून नेलात तर ती शक्यता तिथेच संपते.

कसं ते बघा. ऑस्ट्रियात आणि आजूबाजूच्या बऱ्याच रिसॉर्ट्समध्ये पद्धत अशी आहे की स्कीइंग करताना अपघात झाला, डॉक्टरचं सर्टिफिकेट आहे, आणि पास काउंटरवर जमा केला, तर न वापरलेल्या दिवसांचा रिफंड मिळतो. बहुतेक ठिकाणी सर्टिफिकेट तिथल्या स्थानिक डॉक्टरचं किंवा हॉस्पिटलचंच लागतं, घरी परत जाऊन फॅमिली डॉक्टरकडून आणलेलं चालत नाही. आणि रिफंड फक्त ज्याला लागलंय त्याचाच, सोबत्यांनी 'आता आमचाही मूड गेला' म्हणून मागितला तर मिळत नाही. फ्रान्समध्ये हे बहुधा इन्शुरन्सच्या वाटेने होतं, म्हणजे पास घेताना दिवसाला थोडे युरो जास्त देऊन कारे नेज सारखा इन्शुरन्स घेतला असेल तर बचाव पथकाचा खर्च आणि पासचे वाया गेलेले दिवस दोन्ही त्यातून निघतात. आता दोन्हीकडे काउंटरवरचा किंवा इन्शुरन्सवाला माणूस सगळ्यात पहिलं काय करतो तर पासचा नंबर टाकून शेवटचा स्कॅन कधीचा आहे ते बघतो. मंगळवारी दुपारी गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला माणूस बुधवारी सकाळी सव्वानऊला लिफ्टवर दिसला, की विषय मिटला. रिफंड तर नाहीच, उलट सर्टिफिकेट खोटं आहे का अशी शंका घेतात, आणि तो बिचारा खरोखर प्लास्टरमध्ये बसलेला असतो.

त्यामुळे 'पास वाया जातोय' हे गृहीतकच चुकीचं आहे. पास तेव्हाच वाया जातो जेव्हा तो खिशात ठेवून लोक दोन दिवस विचार करत बसतात, कारण बऱ्याच ठिकाणी रिफंडचा हिशोब पास जमा केल्याच्या तारखेपासून धरतात, अपघाताच्या नाही.

आता 'कोण ओळखणार' हा भाग, कारण सगळ्यांना खरा इंटरेस्ट त्यातच असतो.

पास म्हणजे ते प्लास्टिकचं कार्ड, त्यात एक चिप आणि अँटेना. गेटजवळ गेलं की रीडर ते वाचतो, पल्ला अगदी थोडा असतो, आणि रीडर सहसा डाव्या बाजूला असतो म्हणून कार्ड डाव्या खिशात ठेवा असं सांगतात. जगभरातली बरीचशी गेटं साल्झबुर्गच्या आसपासच्या दोन कंपन्यांची आहेत, स्कीडाटा आणि अ‍ॅक्सेस. लोकांना वाटतं गेट फक्त 'पास चालू आहे की नाही' एवढंच बघतं. पण मोठ्या रिसॉर्ट्समध्ये गेटवर कॅमेरा असतो, आणि पासधारक पहिल्यांदा त्या गेटमधून जातो तेव्हा त्याचा एक फोटो काढून ठेवतात, त्याला रेफरन्स फोटो म्हणतात. त्यानंतर तोच पास कुठल्याही कॅमेरावाल्या गेटवर आला की नवा फोटो निघतो आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी स्टाफच्या स्क्रीनवर येतात. ऑस्ट्रियातल्या लिफ्ट कंपन्या हे त्यांच्या प्रायव्हसी नोटिशीत सरळ लिहितात, नंतरचे फोटो जास्तीत जास्त ३० मिनिटांत डिलीट होतात आणि रेफरन्स फोटो पासची मुदत संपली की लगेच. तुमच्या मित्राने तीन दिवस स्कीइंग केलंय म्हणजे त्याचा फोटो सिस्टीममध्ये कधीच बसलाय. तुम्ही गेलात की डावीकडे तो आणि उजवीकडे तुम्ही.

बहुतेक ठिकाणी हे कॉम्प्युटर नाही तर माणूस बघतो. आणि हेल्मेट-गॉगलमध्ये सगळे सारखे दिसतात हे फक्त आरशासमोर उभं राहून खरं वाटतं. आम्ही चेहरा बघायचोच नाही फारसा. जॅकेट बदललेलं असू शकतं, त्याने काही सिद्ध होत नाही. पण गेटचा दांडा सगळ्यांसाठी एकाच उंचीवर असतो, तो एकाच्या पोटाशी येतो आणि दुसऱ्याच्या मांडीशी, ही गोष्ट जॅकेट बदलून बदलत नाही. दाढी, हनुवटी, खांद्यांचा उतार, हातात पोल आहेत की नाहीत. तीन दिवस दोन स्की लावून आलेला माणूस चौथ्या दिवशी एक पाय स्नोबोर्डात आणि एक पाय मोकळा असा लंगडत आला तर स्क्रीनवर न बघणाऱ्यालाही दिसतं. आणि गंमत अशी की ज्याच्याकडे दुसऱ्याचा पास असतो तो गेटवर खाली बघतो. बाकी सगळे पुढे लिफ्टची खुर्ची किती जवळ आली ते बघत असतात, हा एकटाच खाली. आम्हाला नंतर नंतर स्क्रीनची गरजच लागायची नाही.

दुसरा गैरसमज, गेट उघडलं म्हणजे पास झालो. गेट उघडणारच, कारण कार्ड खरं आहे आणि चालू आहे. फोटो जुळत नाही म्हणून गेट अडकवून ठेवत नाहीत, मागे दोनशे माणसं उभी असतात. स्टाफ फक्त त्या कार्डवर खूण करतो, आणि पुढच्या लिफ्टला, म्हणजे वर मधल्या स्टेशनवर वगैरे, गेटवर लाल लाइट लागतो आणि कोणीतरी सभ्यपणे 'जरा इकडे या' म्हणतं. तपासणी बहुधा खाली पार्किंगजवळ होत नाही, वरच होते, जिथून पटकन निसटता येत नाही. सुट्ट्यांच्या आठवड्यांत तर खास चेकिंगची माणसं साध्या कपड्यांत फिरतात, हातात स्कॅनर घेऊन. एकच कार्ड कुंपणावरून मागच्याला देऊन दोघांनी जायचं ही आयडिया पण खूप जुनी आहे, तेच कार्ड त्याच गेटला काही मिनिटं परत चालतच नाही.

मग प्रश्न विचारतात. जन्मतारीख पाठ करून येतात लोक, ती सगळे करतात. मी विचारायचो, काल दुपारी शेवटची लिफ्ट कुठली घेतली? समोर स्क्रीनवर उत्तर असतं, वेळेसकट. खरा मालक एका सेकंदात सांगतो किंवा 'नाव आठवत नाही पण ती निळ्या काचेची, वर रेस्टॉरंट आहे ती' असं काहीतरी बोलतो. दुसरा माणूस पाच सेकंद गप्प राहतो आणि मग म्हणतो, मला इंग्लिश नीट येत नाही.

इथे एक कंसातली गोष्ट सांगून टाकतो कारण लोक उगाच घाबरतात. नवरा-बायकोचे पास चुकून अदलाबदल होणं हे रोज घडतं, रात्री हीटरजवळ जॅकेटं वाळत घातली, सकाळी अंधारात कार्डं उचलली, झालं. स्टाफला हे माहीत असतं. दोघं समोर आहेत, दोघांचे पास चालू आहेत, दोघं एकाच कॅटेगरीतले आहेत, तर हसून सोडून देतात. कार्डावर मार्करने नावाचं पहिलं अक्षर लिहून ठेवा, एवढं पुरे. मोठ्याकडे लहान मुलाचा पास सापडला तर मात्र हसत नाहीत.

कारण पासच्या गैरवापरातला मोठा भाग हाच असतो, मुलाचा पास मोठ्याने वापरणं. चाइल्ड पास बराच स्वस्त असतो, अगदी छोट्यांचा तर कित्येक ठिकाणी फुकट, म्हणून बाप मुलाचा पास घेऊन जातो आणि मुलगा स्की स्कूलच्या बच्चेकंपनीच्या पट्ट्यावर खेळत असतो जिथे पास लागतच नाही. ऐकायला फार हुशारीचं वाटतं. पण गेटवर कॅटेगरीप्रमाणे लाइट वेगळा लागतो, कुठे रंग वेगळा, कुठे एक जास्तीचा दिवा, आणि तो लांबून दिसावा म्हणूनच लावलेला असतो. लिफ्टवरचा पोरगा कानात इअरफोन घालून उभा असेल, तुमच्याकडे त्याचं लक्षही नसेल, पण मुलांचा लाइट लागला आणि समोरून सहा फुटी माणूस चालत आला की त्याची मान वळणारच. शिवाय मित्राच्या पासच्या बाबतीत 'मला वाटलं चालतं' असं निदान म्हणता तरी येतं, इथे तेही नाही, कारण कमी किमतीच्या कॅटेगरीचा फायदा घेतलाय हे कार्डावरच लिहिलेलं असतं. अशा केसेसमध्ये पोलीस बोलवायला कंपन्या फारसा विचार करत नाहीत, हे मी बघितलंय.

दंडाचं म्हणाल तर देशादेशात वेगळं आहे. फ्रान्समध्ये सगळ्यात स्पष्ट आहे. तिथे पास वैयक्तिक आणि अहस्तांतरणीय असतो, आणि पासशिवाय किंवा चालत नसलेल्या पासवर लिफ्टवर सापडलात तर दिवसाच्या पासच्या पाचपट रक्कम भरावी लागते. दुसऱ्याचा पास हा 'चालत नसलेला'च धरतात. दिवसाचा पास ७५ युरोचा असेल तर ३७५. तपासणारे शपथ घेतलेले अधिकृत कंट्रोलर असतात, ओळखपत्र मागू शकतात, पास काढून घेऊ शकतात, आणि पैसे भरायला नकार दिला तर प्रकरण कोर्टाच्या वाटेने जातं. ऑस्ट्रियात फसवून सेवा मिळवणं हा फौजदारी कायद्यातला वेगळा गुन्हाच आहे, कलम १४९. तिथे बऱ्याचदा पास जप्त करतात, पूर्ण किमतीचं तिकीट आणि वर दंडासारखी रक्कम घेतात आणि सोडतात, पण ते सोडतात ही त्यांची मर्जी, तुमचा हक्क नाही.

अमेरिकेत दुसरीच तऱ्हा. तिथे खिडकीवरचं दिवसाचं तिकीट मोठ्या रिसॉर्टला गर्दीच्या दिवसांत ३०० डॉलरच्या वर गेलंय, आणि सीझनभराचे एपिक, आयकॉन असे पास त्या मानाने खूप स्वस्त पडतात, त्यामुळे पास उसना घ्यायचा मोह सगळ्यात जास्त तिथेच. आणि म्हणूनच ते कडकही तिथेच आहेत. पास जप्त, पैसे परत नाहीत, आणि ज्याचा पास आहे त्याचा उरलेला अख्खा सीझन गेला. याला तिथे सेवेची चोरी म्हणतात आणि शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलिसांना, बोलवायची सोय बऱ्याच रिसॉर्ट्सच्या अटींमध्ये असते. कोलोरॅडोत तर नफा कमवायला लिफ्ट तिकीट परत विकणं याच्यावर स्वतंत्र कायदा आहे. तुम्ही तिथे विद्यार्थी किंवा वर्क व्हिसावर असाल तर हे दोनदा वाचा. अमेरिकेच्या व्हिसा फॉर्मवर 'तुम्हाला कधी अटक झाली आहे का' असा थेट प्रश्न असतो, आणि पुढची कित्येक वर्षं दर फॉर्मवर तिथे 'हो' लिहून, खाली 'स्की पासमुळे' असं स्पष्टीकरण देत बसायचं. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

आणि एक लक्षात घ्या, बऱ्याच ठिकाणी पास देणाऱ्यालाही तेवढंच भोवतं. वापरणारा दंड भरून घरी जातो, देणाऱ्याचा पास जातो. तो सीझन पास असेल तर नुकसान काही शे युरोचं किंवा डॉलरचं. सगळ्यात वाईट केस म्हणजे स्टाफ पास. लिफ्ट कंपनीत काम करणारा कोणी ओळखीचा असेल आणि तो म्हणाला माझा पास घे, तर नकोच, कारण तिथे पास नाही, नोकरी जाते. चांगली माणसं यात घालवलेली बघितलीत मी, आणि ज्याने पास वापरला तो दुपारी परत जाऊन मजेत बिअर पीत बसलेला.

आता ज्या गोष्टीबद्दल कोणी विचारत नाही आणि मला मात्र तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे अपघात.

डोंगरावर तुमची ओळख म्हणजे व्यवहारात तो पासच असतो, कारण पाकीट लोक हॉटेलवर ठेवतात आणि फोन थंडीने बंद पडतो. समजा तुम्ही जोरात आपटलात आणि शुद्धीवर नाही. स्की पट्रोलची, म्हणजे डोंगरावरच्या बचाव पथकाची, माणसं येतात, मान स्थिर करतात, खिसे चाचपतात, पास मिळतो, नंबर रेडिओवर सांगतात, खाली ऑफिसमध्ये कोणीतरी नाव वाचतं. तिथून पुढे ट्रॉलीवर, हेलिकॉप्टरमध्ये, हॉस्पिटलच्या कागदावर सगळीकडे ते नाव. रक्तगट हॉस्पिटल स्वतः तपासतं, त्याची भीती नाही. पण कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, आधी काय ऑपरेशन झालंय, हे ज्याला विचारायचं तो फोन चुकीच्या घरी जातो. आणि ज्या घरी जातो तिथे काय होत असेल ते वेगळं. मी काउंटरवर असताना एका बाईंना फोन लावला होता, तुमचे मिस्टर आमच्याकडे जखमी आहेत म्हणून, आणि पलीकडून त्या अगदी शांत आवाजात म्हणाल्या, ते माझ्या शेजारी बसलेत, सूप पितायत. दोन-तीन सेकंद कोणीच काही बोललं नाही. मग आम्हाला अर्धा तास लागला तो जखमी नक्की कोण आहे ते शोधायला, आणि तो अर्धा तास डॉक्टर आमच्या डोक्यावर उभा.

हरवलेल्या माणसाचंही तसंच. लोकांना वाटतं चिप आहे म्हणजे जीपीएससारखं शोधता येतं. अजिबात नाही, ती चिप गेटजवळ आली तरच बोलते, उतारावर ती मुकी. पण शेवटचा स्कॅन कुठल्या लिफ्टला किती वाजता झाला एवढं कळतं, आणि संध्याकाळी पाच वाजता अंधार पडत असताना तेवढी एक माहिती पण फार मोठी असते, कारण त्यावरून डोंगराच्या कुठल्या बाजूला माणसं पाठवायची ते ठरतं. घरचे तुमचं नाव सांगतात, आम्ही तुमच्या नावाचा पास शोधतो, तुमच्या नावावर आज काहीच नाही. मग साहजिक निष्कर्ष निघतो की हा माणूस आज स्कीइंगला गेलेलाच नाही, कुठेतरी गावात असेल, बघा बारमध्ये. पास दुसऱ्याचा होता हे ज्याला माहीत असतं तो कधीकधी दंडाच्या भीतीने लगेच सांगत नाही. हिमस्खलन झालं असेल तर पहिली १०-१५ मिनिटंच खऱ्या अर्थाने हातात असतात, पण साधं पाय मोडून झाडीत पडलेल्या माणसासाठी पण रात्रीच्या थंडीत एक तास म्हणजे खूप झाला.

इन्शुरन्स थोडक्यात उरकतो. पासबरोबर घेतलेला विमा पासधारकाच्या नावाचा असतो, तुमच्या नाही. इटलीत १ जानेवारी २०२२ पासून स्की करताना दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी घेणारा विमा सक्तीचा आहे, बरेच जण तो पासबरोबरच घेतात, म्हणजे मित्राचा पास घेऊन गेलात आणि तुमचा स्वतःचा असा विमा नसेल तर तिथे तुम्ही विम्याशिवाय स्की करताय, तो वेगळा दंड. त्यापेक्षा मोठी गोष्ट, तुम्ही कोणावर जाऊन आदळलात तर समोरच्याचा वकील पहिला प्रश्न काय विचारेल याचा अंदाज करा. तुमचा स्वतःचा ट्रॅव्हल इन्शुरन्स असेल तर त्यात बेकायदेशीर कृत्य करताना झालेल्या नुकसानाचं कलम बघा, बहुतेक पॉलिसींमध्ये असतंच. विमा कंपनी दरवेळी ते वापरेल असं नाही, पण आल्प्समधलं हेलिकॉप्टरचं बिल काही हजार युरोचं असतं आणि एवढ्या रकमेसाठी ते कलम नक्की वाचून बघतात.

पार्किंगमध्ये किंवा ऑनलाइन ग्रुपवर अनोळखी माणसाकडून अर्धा वापरलेला पास विकत घ्यायचा, यावर मी जास्त बोलत नाही. कार्डाकडे बघून त्यात किती दिवस शिल्लक आहेत ते कळत नाही, रिकाम्या कार्डाला पण दोन ते पाच युरोचं डिपॉझिट मिळतं म्हणून अशी कार्डं ढिगाने फिरत असतात, आणि मालकाने पावती दाखवून 'हरवला' सांगितलं की जुनं कार्ड ब्लॉक होतं, मग ते त्याने विकलेलं का असेना. तक्रार कोणाकडे करणार?

लोक विचारतात की एकदा पैसे भरले तर कोणी का वापरेना, त्यांचं काय जातं. हा वाद जुना आहे. पूर्वी कागदी तिकीट जॅकेटला स्टेपल करायचे, लोक ते काढून दुसऱ्याला द्यायचे, म्हणून १९६० च्या दशकात व्हरमाँटमधल्या किलिंग्टनला तारेचा तो विकेट नावाचा प्रकार आला, झिपमध्ये अडकवायचा आणि त्यावर चिकटणारं तिकीट घडी घालून लावायचं, काढायला गेलं की फाटतं. सहा दिवसांचा पास सहा वेळा एक दिवसाच्या पासपेक्षा स्वस्त असतो, तो याच हिशोबाने की माणूस थकतो, एखाद्या दिवशी वादळ असतं, एखाद्या दुपारी झोपतो. तो वेळ दुसऱ्याने भरून काढला तर ती सवलत उरणारच नाही. मला स्वतःला वाटतं अपघाताच्या केसमध्ये कंपन्यांनी रीतसर नाव बदलून द्यायला हरकत नसावी, थोडी फी घेऊन. देत नाहीत. पण म्हणून गेटवर भांडून उपयोग नाही, तिथला पोरगा नियम बनवत नाही.

तुम्हाला कमी पैशात दोन-तीन दिवस स्की करायचं असेल तर सरळ मार्ग आहेत आणि लोक ते विचारतच नाहीत. दुपारनंतरचा पास, काही तासांचा पास, काही ठिकाणी पॉइंट कार्ड, म्हणजे जेवढ्या लिफ्ट घ्याल तेवढेच पॉइंट कापणारं. नवशिके असाल तर खालच्या दोन-चार लिफ्टपुरताच छोटा पास मिळतो का बघा, पूर्ण एरियाचे पैसे द्यायची गरजच नसते. छोटं बाळ असलेल्या आईबाबांसाठी फ्रान्समधल्या आणि अमेरिकेतल्या काही रिसॉर्ट्समध्ये दोघांत मिळून एकच पास मिळतो, आळीपाळीने वापरायचा, तो पूर्ण कायदेशीर. एपिक किंवा आयकॉन सीझन पास असलेला मित्र असेल तर त्याच्या पासवर मित्रांसाठी सवलतीची तिकिटं असतात, ती मागा त्याच्याकडे, पास नको.

आणि हे वाचेपर्यंत तुम्ही आधीच पास घेऊन वर गेला असाल आणि कोणी थांबवलं, तर पळू नका आणि खोटं नाव सांगू नका. आमच्याकडे सरळ 'हो, मित्राचा आहे, चूक झाली' म्हणणारा माणूस बहुतेक वेळा पैसे भरून सुटायचा. ज्यांनी स्वतःला तोच मित्र म्हणवून घेतलं आणि मग पासपोर्ट काढायची वेळ आली, त्यांच्यासाठी फोन उचलावा लागायचा.

तुमच्या मित्राचं आजच करा. हॉस्पिटलमधून निघताना सर्टिफिकेट मागून घ्या, त्यावर अपघाताची तारीख आणि 'स्की करू शकत नाही' असं स्पष्ट लिहून घ्या, पास आणि विकत घेतल्याची पावती सोबत न्या. पास ऑनलाइन काढला असेल तर कन्फर्मेशनचा मेल फोनवर उघडून ठेवा. त्याला चालता येत नसेल तर दुसऱ्या कोणीतरी पास जमा केला तरी बऱ्याच ठिकाणी चालतं, आधी फोन करून विचारा. काउंटर सहसा लिफ्ट बंद होतात त्याच सुमारास बंद होतं, तेव्हा चारच्या आत पोचा, आणि जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका.